अंगणातला बंब आणि तळघरातला बॉयलर: दोघांची सोयरीक कशी जमवायची

जानेवारीत मिरजेच्या आत्याचा व्हिडिओ कॉल आला, मी बर्फ दाखवायला म्हणून फोन खिडकीबाहेर धरला, तर ती बर्फ बघायचं सोडून म्हणाली, अरे ती मागं टपरी कसली, आणि धूर येतोय बघ तिच्यातून. मी म्हटलं टपरी नाही आत्या, बंब आहे. तिला वाटलं चेष्टा करतोय. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि टपरीपासून घरापर्यंत ती काळी पायवाट कुठली, तिथं बर्फ कसा नाही? मी जरा ऐटीतच सांगितलं की खालून गरम पाण्याचा पाइप जातो. ऐट किती फुकटची होती ते पुढे येईलच.

आम्ही राहतो न्यूयॉर्क राज्यात, पण शहरात नाही, पार वर, जिथून कॅनडाची हद्द जवळ पडते. इथे गॅसची लाइन नाही, टँकरने तेल येतं, आणि थंडी उणे वीस सेल्सियसला सहज जाते. म्हणून गावाकडे बऱ्याच घरांच्या मागे असा लाकडावरचा बॉयलर दिसतो. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हल्ली त्याची चर्चा परत सुरू झालीय, कारण चांगल्या कार्यक्षमतेच्या (७५ टक्के किंवा वर) लाकडी शेगड्या-बॉयलरवर केंद्र सरकारची ३० टक्के, जास्तीत जास्त २००० डॉलरची जी करसवलत मिळायची ती २०२५ च्या कायद्याने बंद झाली, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्याला नाही. मग लोक म्हणतात जुना सेकंडहँड बॉयलर आणू, घरात हीटिंग आहेच, दोन पाइप जोडले की झालं. दोन पाइप जोडले की झालं नाही, म्हणून हा लेख.

## आधी बंबच समजून घेऊ

तांब्याचा बंब आठवतो का? मधे उभी नळी, तिच्यात खालून जाळ, वर धुराडं, आणि नळीच्या भोवती पाणी. पाणी आणि विस्तव यांच्यामध्ये फक्त पत्रा. घराबाहेरचा लाकडी बॉयलर तत्त्वाने अगदी तोच. भट्टी मोठी, सहज दोन-तीन फूट लांबीचे ओंडके जातील अशी, भोवती पाण्याचं आवरण, त्यात शंभर गॅलनपासून चारशे गॅलनपर्यंत पाणी (एक गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर), आणि सगळ्यावर इन्सुलेशन घालून पत्र्याची टपरी. फरक इतकाच की बंबातून बादली काढली की तेवढं थंड पाणी परत ओतावं लागायचं, इथे पाणी काढतच नाहीत, तेच पाणी फिरत राहतं. घरात जातं, उष्णता ठेवून येतं, परत तापतं. म्हणजे पाणी हा माल नाही, हमाल आहे. हे एक डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

जाळ कमी-जास्त करायला बंबाजवळ आजी बसायची, इथे तापमान बघणारा एक स्विच बसतो. पाणी १८० डिग्रीला पोचलं की (इथे सगळं फॅरेनहाइट, १८० म्हणजे आपले ८२ सेल्सियस) हवेची झडप बंद, १६५-१७० ला उतरलं की झडप उघडते आणि पंखा चालू, म्हणजे फुंकणी मारायला माणूस नको.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्या जोडणीच्या मुळाशी आहे. यातले बहुतेक बॉयलर उघडे असतात. उघडे म्हणजे पाण्याच्या आवरणाला वर एक तोंड असतं जे हवेला मोकळं, दाब चढायचा प्रश्नच नाही. झाकण सैल ठेवलेलं पातेलं समजा. घरातली तेलावरची नाहीतर गॅसवरची पाण्याची सिस्टिम मात्र बंद असते, प्रेशर कुकरसारखी, साधारण १२ ते १५ पीएसआय दाबाखाली (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब). पातेलं चांगलं की कुकर चांगला हा वाद नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचं तोंड दुसऱ्याला जोडू नये.

## पण पाणी पाण्यात सोडलं तर बिघडतं काय?

हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलाय, मी पण विचारला होता. घरातला दाब कशासाठी असतो? १२ पीएसआय दाब पाण्याला साधारण २७ फूट वर उचलून धरतो, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या रेडिएटरमध्ये पाणी भरलेलं राहतं. आता ती सिस्टिम अंगणातल्या उघड्या पातेल्याला जोडली तर गच्चीवरच्या टाकीची तोटी खाली सोडून दिल्यासारखं होईल, वरचं पाणी खाली येऊन पातेल्याच्या तोंडातून बाहेर, आणि वरच्या नळ्यांत राहणार हवा. हवा अडकली की पाणी फिरत नाही.

दुसरं कारण हळू मारतं. उघड्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन सतत विरघळत राहतो, तो घरातल्या बिडाच्या बॉयलरला आणि पंपाला आतून गंज चढवतो. बाहेरच्या बॉयलरच्या पाण्यात गंज रोखणारं केमिकल घालतात आणि अधूनमधून ते पाणी तपासतात (ही तपासणी टाळली तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीला हात वर करतात), ते केमिकल घरभर फिरवायची गरज नाही.

म्हणून मधे एक मध्यस्थ लागतो, हीट एक्स्चेंजर. बाळाची दुधाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतो तेव्हा दूध तापतं पण पाणी दुधात जात नाही, तेच. घरातल्या कामाला जो वापरतात तो पुस्तकाएवढा असतो, स्टीलच्या पातळ पन्हळी पट्ट्या एकावर एक झाळून बसवलेल्या, २०, ३०, ४० पट्ट्या. एका फटीतून बाहेरचं पाणी, पलीकडच्या फटीतून घरातलं, परत बाहेरचं, परत घरातलं. हातात घेतला तर वाटतं एवढासा डबा काय अख्खं घर तापवणार, पण पट्ट्यांचं मिळून क्षेत्रफळ खूप होतं.

यात एक चूक फार कॉमन आहे. दोन्ही पाणी उलट दिशेने वाहायला हवीत. गरम पाणी ज्या टोकाने शिरतं त्याच टोकाने घरातलं पाणी तापून बाहेर पडायला हवं, म्हणजे निघता निघता त्याला सगळ्यात कडक गरम पाण्याची भेट होते. दोन्ही एकाच दिशेने सोडली तर दोघं मधेच कुठेतरी कोमट होऊन बसतात. डब्याला चार तोंडं असतात आणि चारही सारखीच दिसतात, त्यामुळे प्लंबर तो बसवत असताना शेजारी उभं राहून बघा, लाज बाळगू नका.

## तळघरात नेमकं काय जोडतात

आमच्याकडे तेलाचा बॉयलर आहे आणि भिंतीच्या कडेने जमिनीलगत बेसबोर्ड आहेत, म्हणजे तांब्याची नळी आणि तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पंखुड्या. बेसबोर्डमधून फिरून थंड झालेलं पाणी तेलाच्या बॉयलरकडे परत येतं त्या वाटेवर एक्स्चेंजर बसवला. परतीचं पाणी आधी एक्स्चेंजरमधून जातं, तापतं, आणि तापलेलंच तेलाच्या बॉयलरमध्ये शिरतं. तेलाच्या बॉयलरला बिचाऱ्याला वाटतं आपलं पाणी तर गरमच आहे, मग तो पेटत नाही. त्याचा स्विच १४० डिग्रीवर खाली आणून ठेवला. म्हणजे लाकूड संपलं, आम्ही गावाला गेलो, आजारी पडलो, पाणी १४० च्या खाली उतरलं, तर तेल आपोआप सुरू होतं. कुठलंही बटण दाबायला नको.

जुना बॉयलर काढून टाकायचा का, असं विचारतात. अजिबात नको. बँक, विमा कंपनी आणि तुमची बायको, तिघांनाही न पेटवता चालणारं काहीतरी घरात लागतं. तोटा आहे तो एवढाच की पेटत नसला तरी तो गरम पाण्याने भरून उभा असतो आणि त्याच्या धुराड्यातून थोडी उष्णता जात राहते. तेवढी जाऊ द्यायची. विमावाल्यांना मात्र लाकडी बॉयलरचं आधी कळवा, नंतर नको.

बेसबोर्डचं एक गुपित असं की ते १८० डिग्रीच्या हिशोबाने बसवलेले असतात. १८० ला एक फूट बेसबोर्ड ताशी साधारण ६०० बीटीयू देतो (बीटीयू म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा किंचित कमी, एक पौंड पाणी एक डिग्री फॅरेनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता). पाणी १४० वर आलं की तोच फूट जेमतेम साडेतीनशेपर्यंत येतो. म्हणून वाटेत दहा-वीस डिग्री गळाल्या तर घर "गरम तर आहे पण गरम होत नाही" असं वागतं. हे वाक्य मी एक अख्खा हिवाळा ऐकलंय.

ज्यांच्याकडे पाणी नाही, गरम हवा डक्टमधून (पत्र्याच्या हवेच्या नळीतून) येते, त्यांचं काम सोपं. कारच्या रेडिएटरसारखी एक कॉइल घरातल्या गरम हवेच्या भट्टीच्या पुढच्या डक्टमध्ये बसवायची, पंखा तोच वापरायचा. पुढच्या म्हणजे पंखा आणि भट्टी ओलांडून झाल्यावर, मागे बसवली तर गरम हवा पंख्याच्या मोटारीवरून जाते आणि मोटार जळते.

आंघोळीच्या पाण्याला टाकीच्या अंगाला एक नळीत-नळी एक्स्चेंजर लावतात, पंपसुद्धा लागत नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं. पण इथे एक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावाच लावा, जो थंड पाणी मिसळून नळाला १२० डिग्रीच सोडतो. नाहीतर नळातून १७० डिग्रीचं पाणी येईल आणि हात भाजायला सेकंद पुरतो. बंबातलं पाणी आपण विसण घालूनच घ्यायचो ना, व्हॉल्व्ह ते विसण घालतो.

## एक गुणाकार, एवढाच

गणित आवडत नसेल तरी हे एक घ्या, कारण याच्याच जोरावर मला माझी चूक सापडली. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, तासाची मिनिटं ६०, दोन्हींचा गुणाकार ५००. म्हणून:

ताशी उष्णता = मिनिटाला किती गॅलन × ५०० × किती डिग्री उतरलं

मिनिटाला ६ गॅलन पाणी फिरतंय आणि घरात १५ डिग्री उतरून परत जातंय, तर ६ × ५०० × १५ म्हणजे ताशी ४५,००० बीटीयू. कडाक्याच्या थंडीत आमच्या घराला साधारण तेवढंच लागतं. एक इंची पाइपाला मिनिटाला सहा-सात गॅलन आरामात झेपतं, त्यामुळे पंप भलामोठा घ्यायची गरज नाही. आणि पंप शक्यतो बॉयलरच्या मागे तळाशी बसवतात, कारण उघड्या सिस्टिममध्ये दाब कमी असतो, पंप उंचावर ठेवून गरम पाणी ओढायला लावलं तर त्याच्या पोटातच बुडबुडे होतात आणि खडखडतो.

## चर, पाइप आणि आमची काळी पायवाट

आता आत्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे.

घर घेतलं तेव्हा मागे आधीच्या मालकाचा जुना बॉयलर होता, एका हिवाळ्यात इतकं लाकूड खायचा की मी शनिवार-रविवार फक्त फोडत होतो. सगळे म्हणाले बॉयलर जुनाट आहे, बदल. बदलला. नवीन घेतला, भारीतला. पाइप मात्र तोच ठेवला, कारण तो जमिनीत होता आणि चालत होता. पुढच्या हिवाळ्यात लाकूड थोडं कमी लागलं, पण जेवढं कमी लागायला हवं होतं तेवढं नाही. शेवटी एका रात्री उणे अठरात टॉर्च घेऊन मी बॉयलरच्या मागचा काटा बघितला, १८२. पळत तळघरात जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडावरचा बघितला, १७२. दहा डिग्री कुठे गेल्या? चांगल्या पाइपात एवढ्या अंतरात एखादी डिग्री उतरते. ६ × ५०० × १०, ताशी ३०,००० बीटीयू. घराला लागतात ४५,००० आणि जमिनीला जेवण ३०,०००! ती काळी पायवाट म्हणजे माझं लाकूड होतं, आणि मी ती आत्याला कौतुकाने दाखवत होतो.

वसंतात चर उकरला (उकरण्याआधी ८११ ला फोन करायचा असतो, ते येऊन जमिनीतल्या वायरी-पाइपांच्या खुणा करून जातात, फुकट). आत निघालं ते असं: दोन पाइप, त्यांच्याभोवती फुग्यांच्या कागदासारखं चंदेरी गुंडाळलेलं, आणि ते सगळं एका काळ्या पन्हळी नळीत कोंबलेलं. नळी अर्धी पाण्याने भरलेली. कुठूनतरी चीर पडून जमिनीतलं पाणी आत आलेलं आणि पाइप चक्क डबक्यात पडलेले. ओल्या फडक्याने तवा उचलून बघा, कोरडं फडकं आणि ओलं फडकं यातला फरक चटका बसला की कळतो.

नवीन पाइप घेतला तो असा की दोन्ही नळ्यांभोवती फोम ओतून घट्ट चिकटवलेला, पाणी शिरायला फटच नाही. फुटाला कितीतरी महाग, आमचं अंतर १३० फूट, बिल बघून पोटात गोळा आला. पण जागा ठरवताना कुणी विचारलं तर मी सांगतो, बॉयलरवर हात आखडला तर चालेल, पाइपावर नको. बॉयलर दहा वर्षांनी बदलता येतो, चर परत उकरायला कुणाला आवडतं? नळी ऑक्सिजन अडवणाऱ्या थराची घ्या, आणि भिंतीतून आत येते ते भोक नीट बुजवा, आमच्या तळघरात पहिल्या पावसात कारंजं झालं होतं.

## लाईट गेली तर?

इथे वादळात दोन-दोन दिवस जाते. उघड्या बॉयलरचा फायदा इथे कळतो. पंप बंद, पंखा बंद, झडप मिटते, जाळ मंदावतो, अगदीच झालं तर पाणी उकळतं आणि वाफ वरच्या तोंडातून निघून जाते, पातेल्यासारखी. बंद सिस्टिमच्या बॉयलरमध्ये ही वाफ कोंडते, आणि पाण्याची वाफ झाली की ते साधारण १७०० पट जागा मागतं, म्हणून तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह, वीज नसताना उष्णता सोडायची वाट, हे सगळं सक्तीचं. कुणी गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घरगुती बंद बॉयलर बनवतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

पंपाला वीज शंभर वॅटच्या आसपास लागते, मोठा असला तर दोनशे, त्यामुळे छोटा जनरेटर पुरतो. टाकीतलं साठलेलं पाणी पुरेल असं समजू नका: २०० गॅलन पाणी २० डिग्री उतरलं तर ३३,००० बीटीयू मिळतात, आमच्या घराला पाऊण तास. हिवाळ्यात लांब जाणारे लोक पाण्यात अँटीफ्रीझ घालतात, तेव्हा बिनविषारी घ्यायचं, गाडीतलं नाही.

## धुराचं काय, शेजारी बोलत नाहीत?

बोलतात, आणि बरोबर बोलतात. मी या यंत्राचा भक्त असलो तरी जुने बॉयलर धुराच्या बाबतीत वाईटच होते, यात वाद नको. झडप मिटली की ओंडके हवेविना नुसते धुमसतात, धूर ठेंगण्या धुराड्यातून निघून जमिनीलगत पसरतो, आणि आत डांबरासारखा चिकट थर बसतो. घराच्या गरजेपेक्षा मोठा बॉयलर घेतला की तो दिवसभर मिटूनच बसतो आणि जास्त धुमसतो. "मोठा घेतलेला बरा" हा आपला सवयीचा हिशोब इथे उलटा पडतो. उन्हाळ्यात फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी पेटवणं तर नकोच.

न्यूयॉर्क राज्याने २०११ मध्ये नियम केला: नवीन घरगुती बॉयलर आपल्या जागेच्या हद्दीपासून किमान १०० फूट आत, धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट. आणि देशभर १५ मे २०२० पासून नवीन बॉयलरला कडक मर्यादा आहे, रोजच्या फोडलेल्या लाकडावर चाचणी घेतली तर दहा लाख बीटीयूमागे ०.१५ पौंडांपेक्षा जास्त कण सोडायचे नाहीत. हे जमतं कारण नवीन बॉयलर धूरच जाळतात: लाकडातून निघालेला वायू खालच्या कप्प्यात ओढून, गरम हवा देऊन परत पेटवतात. त्याला लाकूड सुकं लागतं, वीस टक्क्यांच्या आसपास ओल. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, ते घातलं तर आधी पाणीच उकळत बसायचं.

घरातून परत येणारं पाणीही १४० च्या खाली फार वेळ राहू देऊ नये, भट्टीचा पत्रा थंड पडला की धुरातली वाफ त्याच्यावर जमते आणि आम्ल होऊन पत्रा खाते. त्यासाठी एक छोटा तापमानाचा व्हॉल्व्ह मिळतो.

## शेवटी पैसे वाचतात का?

लाकूड इथे कॉर्डने मोजतात, चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रास, १२८ घनफूट. ओकच्या सुक्या कॉर्डमध्ये साधारण २.४ कोटी बीटीयू. बॉयलरने ६० टक्के हाती दिले तर १.४४ कोटी. तेलाचा एक गॅलन चांगल्या बॉयलरमध्ये १,१७,००० च्या आसपास देतो. म्हणजे एक कॉर्ड बरोबर सुमारे १२० गॅलन तेल. आता तेलाचा भाव आणि लाकडाचा भाव तुमचा तुम्ही घाला. विकत घेतलेल्या लाकडावर फार सुटत नाही, स्वतःच्या जागेतलं लाकूड आणि स्वतःचे हात असतील तर सुटतं. आमच्या भागात अॅशची झाडं हजारोंनी वाळून उभी आहेत, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या किड्याने पोखरलेली, त्यामुळे सरपणाला तोटा नाही. फक्त ते लांब नेता येत नाही, न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे, किडा बरोबर जातो म्हणून.

नवीन घर, चांगलं इन्सुलेशन, कामाला दोघंही बाहेर, असं असेल तर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारं यंत्र) घ्या, मी स्वतः तेच सांगेन. हा बंब दिवसातून दोनदा जेवतो.

आणि माझ्या त्या चराचा हिशोब: ताशी ३०,०००, दिवसाला ७,२०,०००, वीस दिवसांत १.४४ कोटी. दर वीस दिवसांनी एक अख्खा कॉर्ड मी जमिनीत पुरत होतो. नवीन पाइप टाकल्यावर तळघरातला काटा बॉयलरच्या काट्यापेक्षा एका डिग्रीनेच मागे असतो. पायवाटेवर आता बाकी अंगणासारखाच बर्फ साठतो. पूर्वी रात्री तीन-चार हरणं त्या काळ्या पट्ट्यावर येऊन बसायची, ऊब लागायची ना खालून. यंदा एकदा आली, हुंगून गेली, परत आली नाहीत.